गोष्टीचा शेवट पुढच्या फर्म्यात

दिवाळीत चकलीच्या तेलकट बोटांनी तुम्ही जो अंक चाळता ना, तो तुमच्या आधी आमच्या हातातून गेलेला असतो. मी घड्या घालते. भद्रकालीत एक बायंडिंगचं दुकान आहे, तिथे. संपादक साहेब म्हणले, ताई, कामातल्या गमतीजमती लिहा, हसतखेळत लिहा. जमेल तेवढं हसतखेळत लिहिते, पुढचं तुम्ही बघा.

आधी काम सांगते म्हणजे पुढचं कळेल. छापखान्यातून अंक येत नाही, टेबलाएवढे मोठे कागद येतात. एका कागदावर दोन्ही बाजू मिळून सोळा पानं, त्याला म्हणायचं फर्मा. तो अर्धा दुमडायचा, परत अर्धा, परत अर्धा, दरवेळी स्टीलच्या पट्टीने घडी दाबायची, की झाली सोळा पानांची चोपडी. पानांचे आकडे एकावर एक आले पाहिजेत, नाहीतर कटिंगला अक्षरं कापली जातात आणि एखादा कवी दुकानात येऊन रडतो. खरंच आला होता एक. त्याच्या कवितेची शेवटची ओळ कापली गेली होती, आणि आमची आपा त्याला म्हणली, ‘अच्छीच लगती है भाऊ, छोटी झाली.’ तर सगळे फर्मे दुमडून झाले की टेबलावर ओळीने गठ्ठे लावायचे, आणि आम्ही बाया टेबलाभोवती फिरत प्रत्येक गठ्ठ्यातला एक एक उचलत जायचा, तो झाला अंक. मग गम, मग कव्हर, मग कटिंग. यात अक्कल कमी आणि कंबर जास्त लागते.

शबाना आपा म्हणजे मालकीण. कटिंग मशीनवर तिचा नवरा, चाचा, आणि बाकी सगळ्यावर आपा.

आता तुम्ही म्हणाल, ही वाचते कधी. अहो, दिवसभर एकच कागद समोर येतो, परत तोच, परत तोच. मी एका कागदाला एक ओळ वाचते. पहिल्यावर पहिली, दुसऱ्यावर दुसरी, हात काही थांबत नाही, संध्याकाळी पान पाठ. निम्मी पानं उलटी असतात, ती पण वाचता येतात, सवय झाली. फक्त गोष्ट सलग मिळत नाही. अर्धी या फर्म्यात, शेवट पुढच्या, आणि पुढचा फर्मा छापखान्याच्या मर्जीने येणार.

पण एक सांगते, लोभाची नाहीतर अंधश्रद्धेची गोष्ट नाही असा अंक मी अजून दुमडलेला नाही. एक गाव असतं, त्याला नाव नसतं. एक पाटील असतो, त्याच्या डोळ्यांत लोभ चमकतो, दरवेळी चमकतोच. एक मांत्रिक असतो, लाल डोळे, दाढी, गळ्यात कवड्या. अमावास्या असते, घुबड असतं. एक आई असते, तिचं काम रडायचं. शेवटी साप चावतो नाहीतर वीज पडते, पाटील मरतो, आई वेडी होते, आणि खाली लेखकाचा हसरा फोटो.

आपाला वाचता येतं, पण तिला सांगायला मीच लागते.

‘क्या चल रहा है आज?’

‘खोदायला लागलेत, आपा.’

‘साप आया क्या?’

‘अजून नाही.’

‘आयेगा. पुढच्या फर्म्यात आयेगा.’

आणि यायचाच. आम्ही सगळ्या हसायचो.

आणि त्याच कागदाच्या मागच्या बाजूला काय असायचं माहितीये? वार्षिक राशीभविष्य. कोणत्या राशीला कोणतं रत्न, कोणत्या वारी कोणता रंग. एका वर्षी तर एकाने अख्खा अंक अंधश्रद्धेच्या विरोधात काढला, नाव नाही सांगत, आणि पहिली प्रत कापायच्या आधी हा माणूस हळदकुंकू आणि नारळ घेऊन हजर. म्हणे मुहूर्त साधून कापा. चाचांनी मशीन बंद करून त्याला स्टूल दिलं, तो घड्याळाकडे बघत बसला आणि आम्ही त्याच्याकडे. मुहूर्त होईपर्यंत कोणाला काम नाही. अंकाच्या कव्हरवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं, ‘जागे व्हा’.

इथपर्यंत गंमत होती.

माझी लेक आरू. पोटात तिचे पाय खाली होते म्हणून सिझर केलं. अशा पोरांना पायाळू म्हणतात, तुम्हाला माहीत असेल. सासूबाईंनी दवाखान्यातच गल्लीभर फोन केले, ‘पायाळू आली!’ पायाळूचा पाय पाठीला लागला की उसण जाते म्हणतात, तर म्हसरूळला आम्ही राहायचो तिथे बाया पाठी घेऊन यायला लागल्या. एकजण तर पालथी झोपून म्हणली, ‘चालव गं हिला जरा, डाव्या बाजूने.’ आरूला चालता येत नव्हतं तेव्हा तिचे पाय धरून टेकवायचे. मला वाटायचं, जाऊ दे, कोणाचं काय जातंय. आरू खिदळायची.

सासूबाई त्याच्या पुढचंही सांगायच्या. पायाळूला जमिनीतलं पाणी दिसतं, पुरलेलं धन दिसतं, त्यांच्या माहेरी एकाला दिसलं होतं. कोणाला, कुठे, ते विचारलं की भाजी निवडायला लागायच्या.

मिस्टरांचे मोठे भाऊ दिंडोरीच्या पुढे गावात राहतात. गरिबी नाही बरं का. निम्मी जमीन एका वाईनवाल्याला विकली, त्यात बोलेरो आली, बंगल्याला फरशी लागली, जाऊबाईंना पाटल्या झाल्या. डोळे बिळे काही चमकत नाहीत, चष्मा आहे. गोड बोलतात, आरूला काजूकतली आणतात. पण विकायला जी जमीन उरली तिच्यात एक जुना दगडी चौथरा आहे, कशाचा कोणाला माहीत नाही, आणि ज्याला फुकट मिळायची चटक लागली त्याला चौथऱ्याखाली काय दिसणार?

आम्ही सगळ्या दुकानातून खराब कागद घरी नेतो. शाई फिकी पडलेले, डाग पडलेले, फेकायचेच असतात. फळीवर अंथरायला बरे पडतात. तसा एक मी गेल्या सीझनला नेलेला, आणि सासूबाईंनी डब्यांच्या फळीवर लावलेला. भाऊजी आले, चहा घेत उभे राहिले आणि फळी वाचायला लागले. अर्धा डबा सरकवला, अर्धं वाचलं, परत सरकवला. गोष्ट तीच, नाव नसलेलं गाव, पाटील, मांत्रिक, आणि एक पायाळू पोरगी. तिच्या नखाला काजळ लावून मांत्रिक विचारतो, काय दिसतं. पोरगी म्हणते, दिसला, हंडा दिसला. तिथे पान संपतं. फर्मा पण संपतो.

‘आई,’ भाऊजी म्हणले, ‘हे बघ. छापून आलंय.’

‘मंग! मी काय येडी म्हणून सांगत व्हते?’

मी म्हणलं, ‘भाऊजी, गोष्ट आहे ती.’

‘गोष्ट असली म्हणून काय झालं? माहिती घेतल्याशिवाय लिहील का माणूस? शिकलेला हाय तो, फोटो बघ.’

फोटो नव्हताच त्या पानावर, तो शेवटी असतो. पण भाऊजींनी डबे उतरवले, कागद काढला, नीट घडी करून खिशात घातला. घडी मात्र चुकीची घातली.

पुढच्या आठवड्यात भाऊजींनी बोलावलेला बाबा आला. मला वाटलं लाल डोळे असतील. स्कूटीवर आला, हेल्मेट घालून, पॅन्ट-शर्ट, खिशाला पेन. चहा बिनसाखरेचा, शुगर आहे म्हणे. आरूला बघितलं आणि मला विचारलं, ‘नॉर्मल की सिझर?’

‘सिझर.’

‘अं, मग विधी जरा वाढतो.’

मी म्हणलं, ‘पोट फाडून काढली हो तिला. पाय आधी आला का डोकं, कोणी बघितलं?’

सासूबाई म्हणल्या, ‘डॉक्टरीण सोता म्हणली, पाय खाली हायेत म्हणून.’

‘गर्भात पाय खाली म्हणजे पायाळूच,’ बाबा म्हणला, जसं काही सोनोग्राफी त्याने केली होती.

रात्रीचं जेवण झाल्यावर मिस्टरांना म्हणलं, अहो तुम्ही काहीतरी बोला. अंबडला कंपनीत मशीन चालवतात, एवढी मोठी मशीन, तिथे सेफ्टीचं ट्रेनिंग घेतात, सर्टिफिकेट आहे. ते म्हणले, ‘नखाला काजळ तर लावायचंय. तुझं काय जातंय?’ काजळानंतर काय, हे मात्र कोणी सांगेना. विचारलं की सगळे माझ्याकडे असं बघायचे जसं मीच काहीतरी वाईट बोलले.

मला झोप येईना. दुकानात रोज आपाला विचारायचे, पुढचा फर्मा आला का. आपा म्हणायची, ‘काय गं, तुझं लग्न आहे का त्यात?’ शेवटी गठ्ठा आला आणि मी दोरी कापून उभ्याउभ्या वाचलं, ओळीला कागद वगैरे काही नाही, सलग. पोरीला खड्ड्यात पुरतात. पाटील हंडा वर उचलतो, तेवढ्यात हंड्यातून नाग निघतो, खड्ड्याची कड ढासळते, पाटील सोन्यासकट गाडला जातो. आई वेडी होऊन वेशीवर फिरते. आईवर दोन पानं आहेत. केस मोकळे, पदर मातीत, टाहो फोडते, सगळं आहे. पोरीला उचलून ती पळाली का नाही, एवढं एक वाक्य त्या दोन पानांत बसलं नाही लेखकाला.

पण मी म्हणलं, चला, शेवट तर भयंकर आहे, भाऊजी घाबरतील. एक डागाळलेला कागद घरी नेला आणि त्यांच्यासमोर मोठ्याने वाचला. त्यांनी चष्मा काढून सगळं ऐकलं.

मग म्हणले, ‘म्हणजे हंडा होताच की!’

‘अहो भाऊजी, तो मेला ना!’

‘मेला कारण आवसेला केलं. आणि एकटा व्हता. आपण शनिवारी करू, दिवसाढवळ्या. धाकट्याला कंपनीला सुट्टी असतीच.’

‘पोरीला पुरलं त्यांनी, ऐकलं ना?’

‘आपल्यात कोण पुरतंय? काहीबाही बोलू नको, आई, हिला सांग जरा.’

तर लेखक साहेब, तुम्ही जे कोणी असाल, माझं एवढंच विचारणं आहे. तो खड्डा रिकामा ठेवला असता तर तुमचं काय बिघडलं असतं? माती निघाली, मुरूम निघाला, पाणी पण नाही निघालं, सगळे मूर्ख ठरले, घरी गेले. पण नाही. मी आजवर दुमडलेल्या प्रत्येक गोष्टीत सोनं खरं असतं. शाप खरा, नाग खरा, पोरीला दिसतं ते खरं. लोभ वाईट असं तुम्ही शेवटच्या चार ओळींत सांगणार, आणि त्याआधी पंधरा पानं हंड्याची चमक दाखवणार. मग वाचणाऱ्याला काय कळणार? त्याला हेच कळणार की पूजा नीट करायची. तुम्हाला बक्षीस, आमच्या फळीला कागद.

शनिवारी बोलेरो आली. शेतावर जेवण आहे म्हणले. आरूला एकटीला पाठवणार नाही म्हणलं, तर मला पण घेतलं. बाहेर नेहमीसारखं ऊन, बागांमध्ये छाटणी चाललेली, ट्रॅक्टर, फवारणीचा वास. खड्डा आधीच खोदून ठेवलेला होता, माझ्या छातीला येईल एवढा, चौथऱ्याला लागून. मिस्टर टिकाव घेऊन उभे. जाऊबाई बाजूला पिठलं करत होत्या, सहलीला आल्यासारख्या.

बाबाने आरूच्या अंगठ्याच्या नखाला काजळ फासलं.

‘बघ बाळा, काय दिसतं?’

‘काळं.’

‘नीट बघ. पिवळं दिसतं का?’

‘हो.’

‘हंडा?’

‘हो.’

‘वर नाग बसलाय?’

‘हो.’

पाच वर्षांची पोर, मोठ्या माणसाने विचारलं तर हो म्हणायचं, आम्हीच शिकवलेलं. मी म्हणलं, ‘आरू, हत्ती दिसतो का गं?’

‘हो.’

‘आणि शेजारच्या मोनूची सायकल?’

‘हो मम्मी, लाल!’

जाऊबाई फिस्सकन हसल्या. भाऊजींनी बघितलं तशा पिठलं हलवायला लागल्या. बाबा चिडला. ‘या बाईचं मन शुद्ध नाही. हिला लांब करा. आणि पोरीला खाली उतरवा, पाय लागले पाहिजेत जागेला.’ असं म्हणून त्याने पिशवी उघडली. लिंबं निघाली, लाल कापड निघालं, आणि पेपरात गुंडाळलेली नवी सुरी.

‘ती कशाला?’ मी विचारलं.

‘कोहळा कापायला.’

मी सगळीकडे बघितलं. पिशवीत बघितलं, गाडीत बघितलं, चुलीपाशी बघितलं. कोहळा कुठेच नव्हता.

मिस्टरांनीही बघितलं. माझ्याकडे बघितलं, भावाकडे बघितलं, आणि टिकाव खाली ठेवला. मला वाटलं, देवा, जागं झालं माझं माणूस. त्यांनी आरूला काखेत धरून उचललं. आणि खड्ड्याकडे वळले.

पुढचं मला धड सांगता येत नाही. मी त्यांच्या दंडाला चावले एवढं आठवतं, तोंडात मातीची चव आली. आरू माझ्याकडे आली, मी पळाले, द्राक्षाच्या ओळीत शिरले, तारांना केस अडकले, आरू रडत होती, चप्पल गेली, मागून भाऊजी ओरडत होते, ‘थांब, पोरीला लागेल!’ पोरीला लागेल म्हणे. पुढे छाटणीच्या बाया होत्या, पेठकडच्या. त्यातली एक म्हातारी कात्री घेऊन ओळीत उभी राहिली आणि म्हणली, ‘काय झालं गं?’ मी आरूचं नख दाखवलं. तिने मला मागे घेतलं आणि तिथेच उभी राहिली. बाकीच्या पण येऊन उभ्या राहिल्या. एवढ्या बाया बघितल्यावर भाऊजी थांबले, चष्मा पुसला आणि म्हणले, ‘घरातली कटकट हाय.’

रस्त्यावर काळीपिवळी मिळाली. घरी जायची हिंमत नव्हती, माहेरी आई नाही, तशीच दुकानात गेले. सीझन होता, सगळ्या कामाला होत्या. आपाने आधी माझे पाय बघितले, मग आरूचा अंगठा. मोरीत नेऊन साबणाने नख घासलं, आणि चाचांना म्हणली, ‘शटर आधा गिराव जी.’

मग तक्रार, जादूटोण्याच्या विरोधात कायदा आहे तो, आपाच्या ओळखीच्या एक बाई आल्या, त्यांनी माझ्याकडून सगळं बोलून घेतलं, पोलीस शेतावर जाऊन आले. भाऊजी म्हणले, विहीर खोदतोय. बाबाची स्कूटी काही सापडली नाही. सुरी तर कोणी बघितलीच नव्हती, जाऊबाईंनी पण नाही. खड्डा बुजवला आणि वर कोथिंबीर लावली म्हणे, चांगली आली.

आपाच्या दुकानामागे एक खोली होती, कागद ठेवायची. ती मला दिली. आरू पहिलीत गेली. मी घड्या घालते, आणि शाळेची रिक्षा जरा उशिरा आली की अजून माझ्या हातातली पट्टी खाली पडते.

यंदा गणपतीनंतर मिस्टर आले. एकटेच. आरूसाठी फ्रॉक आणला होता. ती धावत गेली त्यांच्याकडे, बापच तो, मी अडवलं नाही, फक्त दार सताड उघडं ठेवलं आणि आपा बाहेर स्टूल टाकून बसली. बरं वाटलं मला त्यांना बघून, खोटं कशाला बोलू, वाळलेत मात्र. म्हणले, ‘चल आता घरी. भावाने तो नाद सोडलाय.’

‘खरंच?’

‘खरंच. बाबाला दुसऱ्या माणसाकरवी विचारलं. पोरगी सहाची झाली की तिला दिसायचं बंद होतं. आता आरूला कोणी काही करणार नाही.’

मला वाटलं, आता म्हणतील, चुकलं माझं. मी वाट बघत होते, खरं सांगते, तेवढं म्हणले असते तर मी पिशवी भरली असती. त्यांनी आरूच्या केसांवरून हात फिरवला आणि हसून, आनंदाची बातमी सांगावी तसं म्हणले, ‘आणि बाबा म्हणतो, पहिलं पायाळू असलं की दुसरं पण बहुतेक तसंच होतं.’

बाहेर आपाच्या स्टुलाचा आवाज झाला.

मी म्हणलं, ‘तुम्ही शनिवारी येत जा. इथे बाहेर बसून पोरीला भेटत जा. मी चहा देईन.’

‘म्हणजे? कायमचं?’

मी चौकट धरली. ‘कायमचं,’ म्हणलं.

ते गेले. मी आत येऊन कुकर लावला, शिट्ट्यांकडे लक्षच राहिलं नाही, भात करपला. आरू नवा फ्रॉक घालून जेवायला बसली आणि म्हणली, ‘मम्मी, भात जळका लागतोय.’ म्हणलं, वरचा वरचा खा. तिने खाल्ला. खालचा मी खाल्ला.